समुद्राच्या अंगानं

बोईसर,
५ डिसेंबर १९६६

प्रिय ताई,

नमस्कार. मागच्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला म्हणून शिव्या घालशील, तर घाल. पण आधी सोबतचे दोन फोटो बघ आणि मग घाल. हो, मी काढलेत! कॅमेरा घेतला. साधाच आहे, डब्यासारखा, एका रोलात बारा फोटो.

तारापूरच्या वीजघराचं काम आता जोरात आहे. आम्ही आराखडे काढणारे सहा दिवस टेबलावर वाकलेले असतो, म्हणून रविवारी पाठ सरळ करायला स्कूटरी काढतो. चार स्कूटरी आहेत. सगळ्यात पुढे विश्राम, मागे त्याची बायको सुलू. मग वेल्डिंगवाला गुरबक्षसिंग, मग स्टोअरमधला रामा, आणि शेवटी तुझा भाऊ. नवापूरला जाऊन आलो, तारापूरचा किल्ला झाला, काल केळव्याला होतो.

आता माझी खरी करामत सांगतो. मी चालत्या स्कूटरवरून फोटो काढतो. उजव्या हाताला रेस असते, तो हात सोडता येत नाही. डावा तेवढा सोडता येतो. आणि कॅमेऱ्याचं बटण नेमकं उजव्या अंगाला! तीन रविवार डोकं खाजवलं आणि मग युक्ती सुचली. कॅमेरा उलटा धरायचा, डोकं खाली पाय वर. बटण आपोआप डाव्या बोटाखाली येतं. गुरबक्षसिंग मागे वळून ओरडत असतो, "और एक, शांताराम, और एक!" पालघरचा फोटोवाला मात्र वैतागलाय. म्हणतो, "तुमचे निम्मे फोटो शीर्षासन करतात, मला ते सरळ करत बसावं लागतं."

विश्राम-सुलूचा एक फोटो केळव्याला उभं राहून काढलेला आहे, दुसरा चालत्या स्कूटरवरून. दुसऱ्यात कसा वारा दिसतोय बघ. जानेवारीत सगळ्यांना घेऊन केळवे-माहीमला घरी जाणार आहे. अण्णांना कळवलंय, मडक्यात कंद-शेंगांची उकडहंडी लावा म्हणून.

तुझा,
शांताराम

•

जळगाव,
१४ डिसेंबर १९६६

चि. शांताराम,

अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त शिव्या. अरे गाढवा, हँडलला दोन मुठी कशाला दिल्यात? एक धरायला आणि एक शोभेला? "डावा तेवढा सोडता येतो" म्हणे! हे वाचून इथे माझी तव्यावरची पोळी करपली. ह्यांनी पत्र वाचलं आणि हसत सुटले, म्हणून तेही माझ्या मनातून उतरलेत.

फोटो मात्र छान आले आहेत, ते नाकारत नाही. सुलू गोड दिसते. केळव्याच्या फोटोत आपल्यासारखा डाव्या खांद्यावर पदर आणि स्कूटरवर बसली की उजव्या खांद्यावर, असं का रे? वाटेत विश्रामने तिची गुजराथीण केली की काय? का आजकाल बोईसरला स्कूटरसाठी पदराची वेगळी पद्धत निघाली? विचारून कळव, आम्ही जळगावात मागे पडायला नको.

माहीमला जातोस तर माझं एक काम कर. आपल्या गाडीचा फोटो काढ, जिवल्या आणि दोन्ही बैलांसकट. इथे मी शेजारणींना सांगते की आमच्याकडे खैऱ्या नावाचा बैल आहे, त्याचं एक शिंग खाली वाकलंय आणि तो जिवल्याच्या आवाजाशिवाय पाऊल टाकत नाही. त्यांना वाटतं मी थापा मारते. माझं लग्न होऊन मी निघाले तेव्हा जिवल्यानेच स्टेशनला आणून सोडलं होतं. बारा वर्षं तो आपली गाडी हाकतोय, आणि त्याचा एकही फोटो नाही. काढशील ना? पण खाली उतरून, दोन्ही पायांवर उभा राहून काढ. हे लक्षात ठेव.

तुझी,
विजयाताई

•

बोईसर,
१२ जानेवारी १९६७

प्रिय ताई,

घाबरू नकोस. मी धड आहे. उजवं कोपर सोलवटलंय आणि स्कूटरचा पुढचा पत्रा चेपलाय, एवढंच. अण्णांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

रविवारी शिरगावचा किल्ला बघून आम्ही माहीमकडे निघालो होतो. वाडीच्या अलीकडे, जिथे ताडाची झाडं संपून समुद्र मोकळा दिसतो ना, तिथे समोरून आपलीच गाडी आली. जिवल्या शिरगावला केळीचे घड पोचवायला चालला होता. पुढच्या तिन्ही स्कूटरी नीट निघून गेल्या. मी शेवटी. मग काय झालं ते इतकं पटकन झालं की मला नीट सांगता येत नाही. माझ्या मते गाडीच माझ्या अंगावर आली. मी चाकावर आदळलो, जू फिरलं, खैऱ्या गुडघ्यांवर बसला. त्याचा पुढचा पाय चांगलाच दुखावलाय. लंगडतो.

अण्णांनी ओटीवर आम्हा दोघांना उभं करून विचारलं. मी म्हटलं, गाडी चुकीच्या बाजूला होती. जिवल्या म्हणाला, "अण्णा, मी आपल्या अंगानंच व्हतो. समिंदराच्या अंगानं." गोळा झालेल्यांतल्या कोणीतरी ताडीचं नाव काढलं. तो प्यायलेला नव्हता ताई, हे मी तिथेच सांगितलं.

त्याच्या आदल्या क्षणाचा फोटो माझ्या कॅमेऱ्यात आहे. अण्णा म्हणाले, "मग भांडता कशाला? फोटो येऊ दे. तो काय सांगतो ते खरं." उकडहंडी तशीच राहिली. सगळे न जेवता परतले.

तुझा,
शांताराम

•

बोईसर,
२७ जानेवारी १९६७

प्रिय ताई,

फोटो आला. सोबत पाठवतोय, तू मागितलाच होतास.

बघ. रस्ता दिसतो, कडेला रामाची पाठ दिसते, आणि आपली गाडी सरळ सरळ डाव्या बाजूने, म्हणजे माझ्या बाजूने येताना दिसते. पंधरा दिवस मला नीट झोप नव्हती. वाटत होतं, आपलंच तर चुकलं नसेल? आता डोक्यावरचं ओझं उतरलं.

अण्णांनी चष्मा पुसून फोटो दोनदा पाहिला आणि जिवल्याच्या हातात दिला. त्याने स्वतःचा फोटो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल. किती तरी वेळ बघत राहिला. मला वाटलं आता भांडेल. पण तो म्हणाला, "फोटोत हाय, तर मीच चुकलो आसन. मला वाटलं व्हतं मी आपल्या अंगानं हाय." अण्णा म्हणाले, "ज्याला आपली बाजू कळत नाही त्याच्या हातात मी बैल देणार नाही." त्याने कासरा खुंटीला अडकवला आणि बायकोला, ठमीला, घेऊन गेला. ती रडत होती, तो नाही.

मला वाईट वाटलं. पण खोटं तर काही झालं नाही ना?

तुझा,
शांताराम

•

जळगाव,
२० फेब्रुवारी १९६७

चि. शांताराम,

आशीर्वाद. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. आजही लिहावं की न लिहावं असं वाटतंय, कारण जे लिहिणार आहे ते तुझ्यावरच येणार आहे, आणि तू माझा एकुलता भाऊ आहेस.

फोटो आला त्या दिवशी मी खूश होऊन शेजारणीला दाखवला. ती म्हणाली, "तुमच्या गावचा समुद्र छान आहे हो." मी फोटो परत हातात घेऊन नीट बघितला. शांताराम, लहानपणी शिरगावच्या मावशीकडून परतताना आपण दोघं त्या वाटेने किती वेळा चालत आलोय? येताना समुद्र कुठल्या हाताला असतो? उजव्या. खारा वारा उजव्या कानात शिरतो म्हणून तू कानावर हात धरून चालायचास. आणि तुझ्या फोटोत समुद्र डाव्या हाताला आहे.

मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. ह्यांचं भिंग आणलं. वाकड्या शिंगाचा खैऱ्या जिवल्याच्या उजव्या हाताला जुंपलेला दिसतो. आपल्याकडे तो जन्मात कधी उजवीकडे जुंपला आहे का? डावीकडचा बैल तो, उजवीकडे घातला तर जागचा हलत नाही. मग तुझा तो डिसेंबरचा फोटो पेटीतून बाहेर काढला, सुलूचा पदर उजव्या खांद्यावर असलेला. मी मूर्ख, त्यावर थट्टा करून मोकळी झाले! दोन्ही फोटो आरशासमोर धरले. आरशात सुलूचा पदर जागेवर आला, खैऱ्या जागेवर आला, समुद्र उजव्या हाताला गेला. आणि आपली गाडीही उजवीकडे गेली, समुद्राच्या अंगाला. माहीमहून शिरगावला जाणाऱ्या गाडीची बाजू तीच की नाही? जिवल्या हेच तर म्हणाला होता.

तुझ्या फोटोवाल्याने शीर्षासन करणाऱ्या काचा, की काय म्हणतात त्या फिल्मा, नुसत्या फिरवायच्या सोडून पान उलटावं तशा उलटवल्या असणार. बिचाऱ्याला काय माहीत? पण उभा राहून काढलेला फोटो असा उलटा झालाच नसता, शांताराम. म्हणजे कॅमेरा तुझ्या डाव्या हातात होता, हँडलवर एकच हात होता, आणि स्कूटर उजवीकडे ओढली गेली. गाडी तुझ्या अंगावर आली नाही. तू गाडीवर गेलास.

तो फोटो मीच मागितला होता, म्हणून मीही तुझ्याइतकीच यात आहे. आठ दिवस तो मी फडताळात कागदाखाली लपवून ठेवला होता. मग मला माझीच लाज वाटली. तू अण्णांना सांग. तू सांगितलं नाहीस तर मी लिहीन, पण मला ते लिहायला लावू नकोस.

विजयाताई

•

बोईसर,
६ मार्च १९६७

प्रिय ताई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि उरलेला दिवस आराखड्यावर एक रेघ सरळ आली नाही.

मला माहीत होतं. सगळं नाही, पण माहीत होतं. मी जिवल्याला हाक मारली, "इकडे बघ!" आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलं ते आठवतं. त्याचा हसरा चेहरा आठवतो. त्यानंतर थेट चाक. मधलं काही आठवत नाही, कारण मधे मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. अण्णांनी विचारलं, "फोटो कधी काढलास?" तेव्हा मी म्हटलं, "उभा राहून, आधी." हे खोटं मी तुलाही सांगितलं नाही, लपवलं. पण फोटो हातात आला आणि ताई, मला तो फोटो माझ्या डोळ्यांपेक्षा खरा वाटला. तो खरा असणं मला हवंच होतं.

फोटोवाल्याकडे गेलो. त्याने फिल्म दिव्यासमोर धरली, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. समोरच नीट छापून दिला. तो घेऊन काल माहीमला गेलो. अण्णा जेवत होते. मी ताटाशेजारी दोन्ही फोटो ठेवले आणि सगळं सांगितलं, एका हाताचंही सांगितलं. अण्णा अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतला आणि गोठ्यात जाऊन खैऱ्याशेजारी उभे राहिले. मला वाटलं मारतील तर बरं. मारलं नाही.

मग मी जिवल्याला शोधत निघालो. डोंगराकडे त्याच्या पाड्यावर गेलो तर झोपडीला दार ओढलेलं. शेजारीण म्हणाली, नंडोऱ्याच्या बाजूला वीटभट्टीवर गेलेत दोघं. तिथे सापडला. ताई, तो डोक्यावरून विटा वाहत होता. भट्टीवर तीन गाड्या आहेत, गाडीवानाची वाण आहे. त्याला कोणीही गाडी दिली असती. मी विचारलं तर ठमी म्हणाली, "त्यांनाच नको. मुकादमाला सांगितलंय, मला डावंउजवं कलत नाय, माजे डोले गेलेत."

मी त्याला नवा फोटो दाखवला. मातीत बसून समजावलं. चूक माझी होती, म्हटलं, तुझी नव्हती. त्याने फोटो घेतला नाही. म्हणाला, "पैला फोटो आनलास तवा तो खरा व्हता. आता हा खरा. उंद्या तिसरा आनशील. मी काय धरू?" मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर तो घाबरून मागे सरकला. शेवटी म्हणाला, "अन्नांनी बोलावलं तर येईन. वाडीत पानी घालीन. गाडी नाय हाकनार."

आता मी काय करू? त्याने मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. कॅमेरा पेटीत ठेवलाय. विश्रामला सगळं सांगितलं. रविवारी त्यांच्याबरोबर जातो, पण दोन्ही हात हँडलवर असतात आणि कोणी "और एक" म्हणत नाही.

शांताराम

•

माहीम,
१५ मार्च १९६७

चि. सौ. विजया हिस,

अण्णांचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या लग्नानंतर हे दुसरं. शांतारामला लिहायला सांगितलं असतं, पण यातलं काही त्याने लिहायचं नाही, माझं मला लिहायचं आहे.

तू समुद्र पाहिलास, बैल पाहिलास. शाबास. मी पाहिला नाही. खैऱ्याला मी वासरू असल्यापासून वाढवलं. तो कुठल्या अंगाला जुंपतात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माझ्या हातात फोटो दोनदा आला आणि मी त्यात बैल पाहिला नाही. पोराचं बरोबर निघालं, एवढंच पाहिलं. चष्म्याचा दोष नव्हता.

खैऱ्याचा पाय आता बरा आहे. रविवारी सकाळी मी स्वतः गाडी जुंपली आणि नंडोऱ्याला गेलो. शांताराम मागे स्कूटरवर येतो म्हणाला. मी म्हटलं, चालत ये. तो चालत आला. दुपार झाली. भट्टीवर सगळे जेवायला बसले होते. मी गाडीतून उतरलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "जिवल्या, तू बरोबर होतास. माझा मुलगा खोटं बोलला आणि मी ते मानलं. चूक आमची." अण्णा असं बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. जिवल्या नुसता मान हलवत राहिला. ठमी मात्र पुढे आली आणि म्हणाली, "येवडं बोलायला दोन मयने लागले व्हय?" मी म्हटलं, "हो बाई, लागले." ती बोलली ते बरं झालं.

मी कासरा पुढे केला. तो घेईना. म्हणाला, "तुमी हाका, मी मागं बसतो." मी म्हटलं, "मग मीही हाकत नाही. बसू इथेच तिघं." आणि खरंच बसलो. भट्टीवाले हसायला लागले. खैऱ्या पाय आपटायला लागला. शेवटी जिवल्याने नुसती जीभ वाजवली, सवयीने, आणि बैल चालायला लागले. मग त्याला कासरा धरावाच लागला.

मी आणि ठमी मागे बसलो. शांताराम गाडीबरोबर चालत होता. पालघरच्या अलीकडे एक मोटार आली. जिवल्याने गाडी थांबवली, मागे वळला आणि मला विचारलं, "अन्ना, मी आपल्या अंगाला हाय ना?" मी म्हटलं, "आहेस." पुढे वळणावर परत विचारलं. स्टेशनाच्या रस्त्याला परत. मी मोजलं नाही. बारा वर्षं या माणसाच्या भरवशावर मी गाडीत झोपून घरी आलोय, तुझी आई आजारी होती तेव्हा तिला याच्याच गाडीतून नेलं. आणि तो मला रस्त्याची बाजू विचारतोय.

दर वेळी शांताराम माझ्या आधी सांगायचा, "बरोबर आहेस, जिवल्या." पण जिवल्या त्याच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघून थांबायचा, मी हो म्हणेपर्यंत. शांतारामचा चेहरा पाहवत नव्हता. घरी येईल तेव्हा त्याला हा प्रश्न ऐकावा लागेल, तेवढी शिक्षा पुरे आहे.

आजही वाडीतून शिरगावला जाताना त्याने मला दोनदा विचारलं. उद्याही विचारेल. विचारेल तितक्या वेळा मी सांगेन, म्हणून आता मी रोज गाडीत त्याच्याशेजारी पुढे बसतो.

अण्णा